कमरेचे सोडून

मागच्या डिसेंबरात आमच्या हेडकॅशिअरांच्या चिरंजिवांचा ग्लासगोहून फोटो आला आणि आमच्या शाखेचे कामकाज पंचवीस मिनिटे बंद पडले. सर्व्हर चालू असताना कामकाज बंद पडण्याची ही त्या वर्षातली पहिलीच वेळ. चिरंजीव तिथल्या विद्यापीठात पास झाले होते आणि पदवीदान समारंभासाठी त्यांनी स्कॉटिश लोकांचा तो चौकडीचा किल्ट भाड्याने आणून नेसला होता. (किल्ट घालतात की नेसतात यावर दहा मिनिटे चर्चा झाली. पंचवीस मिनिटांत ती दहा मी धरलेली आहेत.) कमरेला किल्ट, पुढे केसाळ कातड्याची पिशवी, पायांत लोकरीचे लांब मोजे आणि मधल्या मोकळ्या जागेत आपल्या शहाद्याचे दोन गुडघे.

"वा! काय रुबाब आहे!" मॅनेजरसाहेब म्हणाले.

आमच्या शिपायाने चष्मा कपाळावर चढवून फोटो न्याहाळला आणि अहिराणीत निकाल दिला, "साहेब, पोऱ्या परकर घालीसन उभा शे!"

हेडकॅशिअर लाल झाले. "अरे, तो त्यांचा राष्ट्रीय पोशाख आहे! केवढा अभिमान आहे त्या लोकांना आपल्या पोशाखाचा! नाहीतर आपण!"

'नाहीतर आपण' हे आपले आवडते वाक्य आहे. जपानची आगगाडी असो की स्वित्झर्लंडचे घड्याळ, शेवटी 'नाहीतर आपण' म्हटले की देशसेवा पुरी होते. मीही मान डोलावली. तेवढ्यात दोन नंबरच्या खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ पासबुक घेऊन उभे राहिले. डोक्याला टोपी, अंगात टेरिकॉटचा शर्ट, खाली धोतर. हेडकॅशिअर मोबाइलवरची नजर न काढता म्हणाले, "ए बाबा, तिकडं बाकावर बस. दिसत नाही, काम चालू आहे?"

काम म्हणजे किल्ट पाहण्याचे.

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. दोन नोंदी जुळल्या नाहीत की मला रात्री झोप लागत नाही. ग्लासगोच्या कमरेवरचे चुण्यांचे कापड क्रेडिटला, आणि खिडकीपुढच्या कमरेवरचे तसलेच कापड डेबिटला, ही नोंद काही केल्या टॅली होईना. म्हणून हा लेख.

थोडे माझ्याविषयी. मी पुरुषोत्तमनगरला राहतो. नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका, सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचे गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मध्ये ऊस, केळी, पपई आणि आम्ही. १९९८ साली ३० जूनच्या रात्री आम्ही धुळे जिल्ह्यात झोपलो आणि १ जुलैला नंदुरबार जिल्ह्यात उठलो. जिल्हा बदलला तरी अंगावरचे कपडे तेच होते. मी बँकेत कारकून आहे. कोणत्या बँकेत ते सांगत नाही, कारण पगार तिथूनच होतो.

तर झोप लागेना म्हणून मी किल्टचा इतिहास वाचून काढला. गोष्ट मोठी मजेची आहे. १७४६ साली कलोडनच्या लढाईत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या बंडवाल्यांचा पराभव झाला आणि लंडनच्या सरकारने कायदा केला, की तिथल्या पुरुषांनी हा पोशाख करायचा नाही. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग. दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. सूट फक्त सरकारी पलटणीत भरती होणाऱ्यांना! म्हणजे स्वतःच्या घरी नेसलात तर गुन्हा आणि सरकारसाठी मरायला जाताना नेसलात तर गणवेश. १७८२ साली, छत्तीस वर्षांनी, तो कायदा उठला. पण तोवर लोकांना पाटलोणीची सवय झाली होती. पुढे १८२२ साली राजे चौथे जॉर्ज एडिंबरोला आले. स्वागताचा सगळा थाट कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी मांडला होता, आणि ज्या राजाच्या पणजोबांच्या अमदानीत या पोशाखावर बंदी आली तेच राजेसाहेब स्वतः किल्ट नेसून, आत कातडीच्या रंगाची तंग विजार चढवून मिरवले. झाले! डोंगरातला गरीब माणूस नेसत होता तोवर जो रानटीपणा होता, तो राजाने नेसल्याबरोबर राष्ट्रीय पोशाख ठरला.

एका पूर्ण घेराच्या किल्टला आठ वार कापड लागते म्हणतात. आमच्या धोतराला साधारण पाच. म्हणजे वारांच्या हिशेबात किल्ट धोतराच्या पुढे आणि नऊवारीच्या मागे. पण स्कॉटिश लोकांनी एक शहाणपणा केला. त्यांनी तो फक्त लग्नापुरता ठेवला नाही. त्यांच्या फुटबॉल संघामागे जी माणसे गावोगाव फिरतात ती खाली किल्ट, वर टी-शर्ट आणि पायांत कॅनव्हासचे बूट अशा अवतारात फिरतात. लोक हसतात. तेही हसतात. पण त्यांना कोणी बाकावर बसायला सांगत नाही.

आता आमच्याकडे या. आमच्या धोतरावर कोणी कायदा केला नाही, लढाई झाली नाही, कोणी हद्दपार झाले नाही. बंदी आम्हीच घातली, फक्त ती कुठे लिहून ठेवली नाही.

हल्लीचा जमाना 'कॅज्युअल' आहे असे सगळे सांगतात. कोणी काहीही घालावे, कोणी कोणाला काही म्हणू नये. छान आहे. एटीएममध्ये लोक बर्म्युडा घालून येतात, वॉचमन उठून दार उघडतो. आमच्या लहानपणी गुडघ्यावर पँट फाटली की आई ठिगळ लावायची. आता फाडणावळीचे वेगळे पैसे पडतात. लग्नाच्या रिसेप्शनला ट्रॅकसूट घालून आलेला माणूस मी पाहिला आहे, आणि नवरदेवाने त्याला मिठी मारलेलीही पाहिली आहे. आमच्या शाखेत शुक्रवारी जीन्स आणि टी-शर्टला मुभा आहे. छातीवर काहीबाही इंग्रजी मजकूर असलेला टी-शर्ट घालून आमचा नवा ऑफिसर कर्जाचे अर्ज तपासतो. त्याचा अर्थ त्याला ठाऊक नसतो आणि अर्जदारालाही नसतो, त्यामुळे कामात व्यत्यय येत नाही.

पण या 'काहीही'मध्ये धोतर बसत नाही. करून पाहा. बर्म्युडा घालून गेलात तर लोक म्हणतात, "काय, आज निवांत?" धोतर नेसून गेलात तर विचारतात, "काय, आज कोणाचं काय आहे?" पाय उघडे टाकले तर प्रश्न नाही, झाकले तर खुलासा द्यावा लागतो. हा कॅज्युअलपणा म्हणजे आमच्या कारखान्याच्या गेटावरच्या काट्यासारखा नाही, की गाडी कोणाचीही येवो, वजन सारखेच दाखवील. हा काटा माणूस पाहून वजन करतो.

मी मनाचे सांगत नाही. २०१४ सालच्या जुलैत चेन्नईला एका क्रिकेट क्लबात पुस्तकाच्या प्रकाशनाला गेलेल्या हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना दारातच अडवले, कारण ते वेष्टी म्हणजे तिकडचे धोतर नेसून आले होते. प्रत्यक्ष न्यायमूर्ती! त्यानंतर महिन्याभरात तमिळनाडू विधानसभेला कायदा करावा लागला, की सार्वजनिक जागी आपला पोशाख करून आलेल्याला अडवायचे नाही. २०२४ सालच्या जुलैत बंगळूरच्या एका मॉलमध्ये मुलाबरोबर सिनेमा पाहायला आलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला धोतरावरून अडवले. तिकिटे काढलेली होती. म्हणजे त्यांच्या पैशाला प्रवेश मिळाला होता, धोतराला नव्हता. बोभाटा झाला आणि सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवायचे जाहीर केले. दोन्ही वेळी देशभर लोक हळहळले. हळहळणाऱ्यांत मीही होतो. हळहळ व्यक्त करताना मी कोणते कपडे घातले होते ते मात्र विचारू नका.

आपल्या महाराष्ट्र सरकारने २०२० सालच्या डिसेंबरात कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढले. कचेरीत जीन्स आणि टी-शर्ट नको, पायांत स्लिपर नको, शुक्रवारी खादी घालावी. पुरुषांनी काय घालावे, तर शर्ट आणि पँट. आता खादी हा शब्द ज्यांच्यामुळे घरोघर गेला ते गांधीजी. त्यांनी १९२१ साली मदुराईला अंगावरचे बाकीचे कपडे उतरवून पंचा स्वीकारला, आणि १९३१ साली त्याच वेषात ते लंडनच्या राजवाड्यात चहाला गेले. त्याच वर्षी चर्चिलसाहेबांनी त्यांना अर्धनग्न फकीर म्हणून हिणवले होते. पंच्याने बकिंगहॅम पॅलेसचे दार उघडले. परिपत्रकाच्या शर्ट-पँटमध्ये त्याला जागा नव्हती.

आणि असे समजू नका की धोतर नामशेष झाले. छे! धोतर जोरात आहे. फक्त ते माणसांकडून काढून घेऊन प्रसंगांना दिले आहे. नवरदेवाच्या अंगावर ते असते, तेही इलॅस्टिकचे. हल्ली शिवलेले धोतर मिळते, निऱ्यांसकट, मागे वेल्क्रो. म्हणजे जिचे धोतर झाले नाही अशा पँटचा पुनर्जन्म. शाळेच्या स्नेहसंमेलनात ते असते, पुतळ्यांवर असते, सिनेमात असते. सिनेमात पूर्वी गावचा पाटील ते नेसायचा, आता ऐतिहासिक नायक नेसतो आणि ते नेसून घोड्यावर उडी मारतो, आणि तेच नेसलेला म्हातारा स्कूटरवर मागे बसला की आपण म्हणतो, "आबा, चाकात जाईल हो!"

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा दिनाला आमच्या शाखेत 'ट्रॅडिशनल डे' असतो. सगळे वेल्क्रोची धोतरे आणि भाड्याचे फेटे घालून फोटो काढतात. त्याही दिवशी बाकावर खरी धोतरे बसलेली असतात, पासबुके हातात धरून. फोटोत ती येऊ नयेत म्हणून कॅमेरा जरा डावीकडे घेतात.

होळीचे तसेच. आमच्या जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यात काठी गावची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. आदिवासी मंडळी मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू आणि अंगावर राखेची नक्षी अशा साजात रात्रभर नाचतात. मुंबई-पुण्याची मंडळी मोठमोठे कॅमेरे घेऊन येतात आणि "काय कलर आहेत!" म्हणून वेडी होतात. तोच टोपवाला चार दिवसांनी लंगोटी आणि शर्टावर खात्यातले पैसे विचारायला खिडकीशी आला की आपल्याला एकही कलर दिसत नाही. पोशाख एक दिवस घातला तर संस्कृती. रोज घातला तर गरिबी.

लग्नातल्या फेट्यांचे तर बोलायलाच नको. फेटे बांधणारा माणूस दाराशी बसलेला असतो, पाहुणा आला की भगवा, गुलाबी, जांभळा फेटा चढतो. खाली जीन्स. आपल्या भाषेत एक जुना वाक्प्रचार आहे, कमरेचे सोडून डोक्याला गुंडाळणे. आमच्या आजीला तो फार आवडायचा. तिला वाटायचे तो निर्लज्ज माणसांसाठी आहे. तो पुढे-मागे आख्ख्या पंगतीचा ड्रेसकोड होईल अशी कल्पना बिचारीला नव्हती.

आता कोणी म्हणेल, धोतर गैरसोयीचे आहे. मान्य! वाऱ्यात उडते, जिना चढताना पायात येते आणि मोटारसायकलवर त्याचा जिवाला धोका असतो. पण गैरसोयीच्या नावाने रडायचे तर टायपासून सुरुवात करू. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, तेव्हा ट्रेनिंगला गळ्यात टाय आवळून बसवतात. टायचा उपयोग काय, हे तीस वर्षे बँकिंग झालेल्या माणसालाही सांगता येत नाही. त्या उन्हात मांडीला न चिकटणारे एकच वस्त्र आहे, ते आमच्या बापजाद्यांनी शोधले होते. कोणी म्हणेल, खिसा नसतो. खिसा बंडीला असतो, आतल्या बाजूला, छातीशी. तिथे हात घालून पाकीट मारणारा अजून जन्माला यायचा आहे. कोणी म्हणेल, मोठ्या ठिकाणी शोभत नाही. २०१९ सालच्या १० डिसेंबरला स्टॉकहोममध्ये अभिजित बॅनर्जी अर्थशास्त्राचे नोबेल घ्यायला धोतर नेसून उभे राहिले. अर्थशास्त्र म्हणजे आमच्याच धंद्यातले. तिकडच्या राजाने बक्षीस दिले. "बाकावर बस" म्हटले नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे, नाहीतर हा लेख खोटा होईल. सगळ्यांना धोतर सोडताना वाईट वाटले असे नाही. आपल्याच समाजाने कोणी काय नेसावे, किती लांब नेसावे, कोणापुढे कसे उभे राहावे याचे हुकूम शेकडो वर्षे सोडले आहेत. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर सूट घालून उभे राहिले तेव्हा त्या सुटाने लाखो माणसांना ताठ उभे राहायला शिकवले. नऊवारीतून सुटून पंजाबी ड्रेसमध्ये शिरलेल्या माझ्या बहिणीला कोणी पुन्हा काष्टा घाल म्हणाले, तर त्याच्या विरोधात मी पहिली सही करीन. तेव्हा धोतराची सक्ती करा असे माझे म्हणणे मुळीच नाही. ज्याला सोडायचे त्याने सुखाने सोडावे. पण ज्याने सोडले नाही त्याला बाकावर बसवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला, एवढेच मला विचारायचे आहे.

आणि हे मी कोणाला विचारतो आहे? ते आता सांगतो. इथवर टाळत होतो.

२००४ साली मला नोकरी लागली, ती पुण्याच्या शाखेत. दोन पँटी, तीन शर्ट आणि एक टाय एवढ्या भांडवलावर मी साहेबी सुरू केली. एका सकाळी आबा आले. आबा म्हणजे माझे वडील. रात्रभर एस.टी.चा प्रवास, हातात तूरडाळीची आणि नंदुरबारच्या मिरच्यांची पिशवी, डोक्याला टोपी, प्रवासात चुरगळलेले धोतर. ते सरळ माझ्या खिडकीशी आले. शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याने हळूच विचारले, "कोण रे हे?"

"गावाकडचे आहेत," मी म्हणालो.

खोटे नव्हते. पण मी हिशेबाचा माणूस आहे; अर्धी नोंद म्हणजे काय असते ते मला कळते.

आबांनी ऐकले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, वरच्या व्याजदराच्या बोर्डाकडे पाहिले. मग शर्टाच्या दोन गुंड्या सोडून बंडीच्या खिशातून नोटा काढल्या आणि म्हणाले, "साहेब, पोराच्या खात्यात पैसे भरायचे आहेत. जरा स्लिप भरून द्या." माझ्या खोलीच्या डिपॉझिटचे पैसे होते ते. मी स्लिप भरायला घेतली. खातेदाराचे नाव मी त्यांना विचारले नाही, तेवढ्यानेच माझी चोरी पकडली गेली असती, पण कोणाचे लक्ष नव्हते. मी माझे नाव लिहिले, आडनाव लिहिले, आणि मध्ये, जिथे लिहावेच लागते तिथे, त्यांचे नाव लिहिले. मराठी माणसाला बापाचे नाव गाळून बँकेत खाते उघडता येत नाही.

पावती घेऊन आबा बाकावर बसले. पाच वाजेपर्यंत बसले. त्या प्रसंगाबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही.

म्हणून त्या किल्टच्या दिवशी हेडकॅशिअरांचा मला राग आला नाही. त्यांच्या तोंडून मी माझाच आवाज ऐकला.

त्या रात्री घरी आलो आणि म्हणालो, "आबा, मला धोतर नेसायला शिकवा."

आबा ट्रॅकपँटमध्ये बसले होते. होय, ट्रॅकपँटमध्ये. गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून सुनेने आणून दिलेली निळी ट्रॅकपँट त्यांना भलती आवडली आहे. तिला खिसा आहे आणि खिशाला चेन आहे. मी संस्कृती वगैरे बोललो. ते म्हणाले, "घरात काय वाटेल ते घालावं रे. बाहेर जाताना माणसानं कपडे घालावेत."

म्हणजे त्यांच्या लेखी धोतर हे कपडे होते आणि बाकी सगळे घरातले. मी त्याला गावठी समजत होतो. ते फॉर्मल होते. आमच्या सर्क्युलरमध्ये हा शब्द नऊ वेळा येतो, पण त्याचा अर्थ मला त्या रात्री कळला.

शिकवणी आठ दिवस चालली. धोतर ही डबल एन्ट्री आहे. कमरेला गाठ मारायची, एका बाजूचा काठ पायांतून मागे नेऊन कासोटा खोचायचा आणि दुसऱ्या बाजूच्या निऱ्या करून पुढे खोचायच्या. मागचे आणि पुढचे टॅली व्हायला पाहिजे. माझी तफावत रोज निघे. पहिल्या दिवशी एक पाय घोट्यापर्यंत आणि दुसरा गुडघ्यापर्यंत झाकला गेला. तिसऱ्या दिवशी मी स्वतःलाच बांधून घेतले आणि पलंगावर पडलो. सौभाग्यवती दारात येऊन म्हणाल्या, "नऊवारी देऊ का? सोपी जाईल." पाचव्या दिवशी आबा वैतागले आणि त्यांनी स्वतः निऱ्या घातल्या. त्यांची बोटे आता थरथरतात, पण निऱ्यांवर आली की थरथरत नाहीत.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी मी धोतर नेसून शाखेत गेलो. आत शिरलो तशी शांतता पसरली. मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले.

"हे काय?"

"धोतर, साहेब."

"ते दिसतंय मला. पण सर्क्युलरमध्ये बसतं का?"

"सर्क्युलरमध्ये बसत नाही, पण खुर्चीवर बसतं."

त्यांनी सर्क्युलर काढले. त्यात धोतर चालेल असे नव्हते आणि चालणार नाही असेही नव्हते. वरच्या कचेरीला विचारावे, तर लेखी विचारावे लागले असते. लेखी विचारले तर लेखी उत्तर आले असते. आणि लेखी उत्तर यावे अशी बँकेत कोणाचीच इच्छा नसते. "ठीक आहे, शुक्रवार आहे," ते म्हणाले. माझ्या कमरेवर बापजाद्यांचा पोशाख होता आणि तो कॅज्युअल म्हणून मंजूर झाला होता.

दिवसभर मजा झाली. दोघांनी विचारले, "कोनं लगीन शे?" एका बाईंनी स्लिपबरोबर अकरा रुपये पुढे केले, त्यांना वाटले पूजा सांगायला गुरुजी आलेत. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने खुणेने मला बाजूला घेतले आणि कानात सांगितले, "भाऊ, कासोटा ढिला शे." रेकॉर्डरूममध्ये नेऊन त्यांनी तो नीट खोचून दिला. एवढ्या वर्षांत शाखेत कोणा ग्राहकाने कर्मचाऱ्याची सेवा केल्याची ही पहिलीच नोंद असेल. हेडकॅशिअर काही बोलले नाहीत. पण दुपारनंतर एका टोपीवाल्याला त्यांनी "बसा" म्हटलेले मी या कानांनी ऐकले. बाकावर नाही, खुर्चीवर.

साडेतीनला दार उघडले आणि आबा आले. इस्त्रीचे धोतर, पांढरी टोपी, हातात पासबुक. "माझी के.वाय.सी. राहिलीय," म्हणाले. राहिलेली नव्हती, मीच केली होती. ते माझ्या खिडकीशी आले, बोर्डाकडे पाहिले आणि शर्टाच्या गुंड्या सोडून बंडीत हात घातला.

"पोराच्या खात्यात शंभर रुपये भरायचे आहेत," ते म्हणाले. "जरा स्लिप भरून द्या."

वीसेक वर्षांत ते विसरले नव्हते. मी खुर्चीवरून ताडकन उठलो, काउंटरच्या बाहेर यायला निघालो, आणि स्वतःच्याच धोतरावर पाय देऊन आडवा होता होता वाचलो.

"सोगा सांभाळा, साहेब," आबा म्हणाले.

मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवले आणि उभ्यानेच स्लिप भरली. नाव विचारले नाही. पण या वेळी लिहिलेले नाव, मधल्या नावासकट, हेडकॅशिअरांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असे मोठ्याने वाचून दाखवले.